धक्क्याचे गणित आणि चौथा पाय

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. विषय आहे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे भागाचे संगणकावर लहान लहान घटक पाडून, केलेल्या धक्का-विश्लेषणाचा. एखाद्या भागाला अचानक हिसका बसला तर तो किती हलेल आणि किती ताण घेईल, हे संगणकावर आधीच काढून पाहणे म्हणजे धक्का-विश्लेषण. कोल्हापूर परिसरातल्या ओतकाम व्यावसायिकांकडे गिऱ्हाईक आता कास्टिंगबरोबर असा अहवालही मागू लागले आहे, त्यामुळे एरवी महाविद्यालयात राहणारा हा विषय शॉप फ्लोअरवर आला आहे.

प्रश्न : शिरोली एम.आय.डी.सी.त आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. एका गिऱ्हाइकासाठी आम्ही एस.जी. आयर्नचा (गोलाकार ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाचा) चार पायांचा ब्रॅकेट बनवतो. त्यावर सहा किलोचा कंट्रोल बॉक्स बसतो. ५० जी (गुरुत्वत्वरणाच्या पन्नासपट), ११ मिलिसेकंद, हाफ-साइन (साइन लाटेच्या अर्ध्या उंचवट्यासारखा) असा धक्का त्याने सोसला पाहिजे, अशी अट आहे. पुण्याच्या एका सल्लागाराने बॉक्सपाशी ५८ जी येतील असे काढून दिले. प्रत्यक्ष चाचणीत ७६ जी आले, आणि त्याच प्रयोगशाळेच्या पहिल्या कागदावर तर ११३ जी होते. ब्रॅकेटला काहीच झाले नाही, पण गिऱ्हाइकाचा इंजिनिअर म्हणतो की तुमचे विश्लेषणच चुकले आहे. खरे कोणाचे धरायचे?
— फाउंड्रीचालक, शिरोली

उत्तर : तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. आधी ११३ चा निकाल लावू. आपण पाठवलेले दोन्ही आलेख मी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या आलेखात मुख्य उंचवट्यावर बारीक काट्यांसारखी दाट थरथर आहे. धातूवर धातू आपटला की असे काटे येतात. ते क्षणभराचे असतात, आणि त्यांच्यामुळे बॉक्स जागचा हलतोच असे नाही. दुसऱ्या आलेखावर ५०० हर्ट्झचा फिल्टर लावल्याची नोंद आहे आणि तिथे शिखर ७६ वर आले आहे. मात्र फिल्टर हवा तसा लावून चालत नाही. वाहनांच्या धडक-चाचण्यांसाठी एस.ए.ई. जे२११ या मानकात फिल्टरचे वर्ग ठरवून दिले आहेत. त्यातला वर्ग ६० साधारण १०० हर्ट्झच्या वरचे कापतो आणि वर्ग १००० साधारण १,६५० हर्ट्झच्या वरचे. आपल्या चाचणीला कोणी वर्ग ६० लावला असता तर ७६ सुद्धा खाली आले असते आणि सल्लागार उगाच बरोबर ठरला असता. संगणकातल्या आलेखाला आणि चाचणीतल्या आलेखाला एकच फिल्टर लावावा आणि मगच शिखरांची तुलना करावी. ही साधी गोष्ट बहुतेक अहवालांत केलेली नसते.

आता ५८ आणि ७६. ५० जी आणि ११ मिलिसेकंदांचा हाफ-साइन धक्का म्हणजे चाचणीच्या टेबलाच्या, ज्यावर ब्रॅकेट बसवून हिसका देतात त्याच्या, वेगात सेकंदाला सुमारे ३.४ मीटरचा बदल. उसळी न घेता सुमारे ६० सेंटिमीटरांवरून पडून थांबण्याइतका हा हिसका आहे. टेबलाला ५० जी मिळाले म्हणून बॉक्सलाही ५० जी मिळतील असे नसते. बॉक्स आणि ब्रॅकेट मिळून किती वेगाने झुलतात, म्हणजे त्यांची नैसर्गिक वारंवारता किती, यावर ते ठरते. वारंवारता फार मोठी असेल तर बॉक्स टेबलाच्या मागोमाग निमूट जातो आणि त्यालाही ५० च्या आसपासच मिळतात. वारंवारता ७३ हर्ट्झच्या जवळ असेल तर ११ मिलिसेकंदांच्या या धक्क्याने सर्वांत वाईट प्रतिसाद उठतो, आणि डॅम्पिंग (झुलणे विझवणारा अंगचा विरोध) नसल्यास ५० चे १.७७ पट, म्हणजे ८८ जी होतात. मधल्या वारंवारतांचे आकडे त्याच सूत्राने निघतात: ३०० हर्ट्झला सुमारे ५९, १२० हर्ट्झला सुमारे ७९. थोडे डॅम्पिंग धरले की दोन्ही जरा उतरतात.

सल्लागाराच्या अहवालात पहिली नैसर्गिक वारंवारता ३०० हर्ट्झ आहे. त्या वारंवारतेला ५८ जी हे उत्तर हातच्या हिशोबाशी एका जीच्या आत जुळते. म्हणजे सॉफ्टवेअरने गणित चुकवलेले नाही. आता चाचणीचा आलेख पाहा. धक्का ओसरल्यानंतर बॉक्स काही वेळ झुलत राहतो. त्या शेपटातल्या पाच लाटा मी पट्टीने मोजल्या, त्यांना सुमारे ४२ मिलिसेकंद लागले आहेत. म्हणजे १२० हर्ट्झ. त्याच शेपटात साधारण चार लाटांत उंची निम्मी झाली आहे. ०.११ ला निम्मे होण्यास लागलेल्या लाटांनी भागले की डॅम्पिंगचे प्रमाण मिळते, ते इथे सुमारे ३ टक्के येते. १२० हर्ट्झ आणि ३ टक्के डॅम्पिंग यांना ७६ जी अगदी शोभतात. तेव्हा ५८ की ७६ हा वाद सोडून द्यावा. संगणकातला ब्रॅकेट ३०० हर्ट्झचा आणि टेबलावरचा १२० चा कसा, एवढाच प्रश्न उरतो. वारंवारता ३०० वरून १२० वर येणे म्हणजे ताठपणा जवळजवळ एक षष्ठांश होणे, आणि ही काही बारीकसारीक चूक नव्हे.

शिरोली जवळच असल्यामुळे मी एका दुपारी आपल्याकडे येऊन गेलो, ते आपल्याला आठवत असेलच. वाचकांसाठी सांगतो. ब्रॅकेट सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, ठेवला आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला, तर तो डुगडुगला. तीन पाय टेकले होते, आणि चौथ्या पायाखाली ०.१५ मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) काही न अडता आत गेली. पायांचे तळ मशीन केलेले नव्हते, वर पावडर कोटिंगचा थर होता. बोल्ट आवळला की असा पाय खाली ओढला जातो हे खरे, पण तो बोल्टाभोवतीच्या एका कडेवर टेकतो, पूर्ण तळावर नाही. शिवाय चाचणीचे फिक्स्चर, म्हणजे ब्रॅकेट टेबलावर धरणारी बैठक, कोपऱ्यात पडलेले होते. दोन चॅनेलांवर आडवी टाकलेली दहा मिलिमीटरची प्लेट, आणि ब्रॅकेट नेमका त्या प्लेटच्या मधोमध. सल्लागाराच्या मॉडेलमध्ये मात्र चारही पायांचे तळ जमिनीत गाडल्यासारखे पक्के धरले होते, आणि फिक्स्चर मॉडेलमध्ये नव्हतेच. त्याला ते कोणी दाखवलेही नव्हते. त्याला ड्रॉइंग मिळाले, आणि ड्रॉइंगवर चारही पाय एका पातळीतच असतात.

पुढे काय करायचे, ते सांगतो. सल्लागाराला फिक्स्चरची मापे द्या. पायांचे सांधे चिकटवलेले न धरता फक्त बोल्टाभोवतीच्या कड्यापुरता संपर्क धरून पुन्हा वारंवारता काढायला सांगा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत इम्पॅक्ट हॅमर, म्हणजे ठोक्याचा जोर मोजणारा हातोडा, असतो. फिक्स्चरवर बसवलेल्या ब्रॅकेटला त्याने टकटक करून खरी वारंवारता अर्ध्या दिवसात मिळते. ती मॉडेलच्या वारंवारतेशी जुळली की शिखर आपोआप जुळेल. वारंवारता न जुळवता केवळ डॅम्पिंगचा आकडा फिरवून शिखर जुळवू पाहिले, तर ते होणार नाही. एकाच छोट्या धक्क्यात पहिले शिखर डॅम्पिंगमुळे थोड्याच टक्क्यांनी बदलते, डॅम्पिंगचे राज्य नंतरच्या शेपटावर असते. तरीही हा मोह अनेकांना होतो, आणि मी तो अनेक अहवालांत पाहिला आहे.

एक गोष्ट राहिली. बॉक्सपाशी ५८ ऐवजी ७६ जी आले, तर ब्रॅकेटमधला ताणही ढोबळमानाने तितक्याच पटीने वाढतो. अहवालात १४० मेगापास्कल असतील तर ते १८३ च्या घरात धरावे लागतील. एस.जी. ४००/१५ या ग्रेडची यील्ड (कायमचे वाकणे सुरू होण्याचा ताण) २५० मेगापास्कलच्या आसपास असल्याने आपला ब्रॅकेट का टिकला हे त्यातून कळते. पण ‘ढोबळमानाने’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एक पाय नीट टेकत नसेल तर त्याच्या वाट्याचा भार शेजारचे पाय घेतात, आणि ताणाची मोठी जागाच बदलू शकते. पायांचे तळ मशीन करून घेणे हा खर्चाच्या दृष्टीने कोणत्याही नव्या विश्लेषणापेक्षा स्वस्त उपाय आहे.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात एका पंप हाउसिंगच्या पायाला धक्का देऊन पाहत आहे. मेश (घटकांची जाळी) तीनदा बारीक केली. वरच्या फ्लँजचा त्वरण-आकडा ६१, ६०, ६० जी असा आला, पण पायाच्या आतल्या कोपऱ्यातला ताण १८०, २३५, ३१० मेगापास्कल असा वाढतच चालला आहे. सर म्हणतात अजून बारीक कर. आणखी बारीक केली तर एक्स्प्लिसिट सॉल्व्हर (काळाच्या बारीक पायऱ्यांनी गणित सोडवणारा प्रोग्राम) रात्रभर चालतो. काय करावे?
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आणखी बारीक करू नका, कारण तो आकडा कधीच थांबणार नाही. आपण कोपरा धारदार काढला आहे. आत वळणाऱ्या धारदार कोपऱ्यात लवचिक पदार्थाच्या सिद्धांतानुसार ताण अनंत असतो. मेश जितकी बारीक, तितके आपण त्या अनंताच्या जवळ जातो. खऱ्या कास्टिंगमध्ये तिथे फिलेट (गोलाई) असते, कारण धारदार कोपरा ओतताच येत नाही. पॅटर्नवरची (साच्याच्या नमुन्यावरची) त्रिज्या मोजा, ती मॉडेलमध्ये घाला, आणि त्या वळणावर पाच-सहा घटक बसतील इतकीच मेश ठेवा. मग ताण एका आकड्यावर येऊन थांबेल. फ्लँजचे त्वरण पहिल्याच खेपेला स्थिरावले, कारण ते पूर्ण हाउसिंगच्या झुलण्यातून येते, कोपऱ्यातून नाही. मेश पुरेशी आहे का, हा प्रश्न नेहमी एखाद्या ठरावीक राशीपुरता विचारायचा असतो. त्वरणाला पुरेशी असलेली मेश ताणाला पुरेशी असेलच असे नाही.

घटक कोणता वापरला, हे आपण लिहिलेले नाही. कास्टिंगचा आकार वेडावाकडा असल्याने बहुतेक जण चार नोडांचे (जोडबिंदूंचे) चतुष्फलक भरतात, आणि पातळ भिंतीत जाडीला एकच घटक येतो. वाकण्याच्या बाबतीत हा घटक स्वभावतःच जास्त ताठ असतो. त्यामुळे वारंवारता फुगते आणि प्रतिसाद चुकीच्या बाजूला जातो. दहा नोडांचे चतुष्फलक घेतले तर हा दोष बराच जातो. उलट एक्स्प्लिसिट सॉल्व्हरमध्ये एकाच बिंदूवर समाकलन करणारे घटक वापरले असतील, तर जाळी वेलबुट्टीसारखी आत-बाहेर डोलू लागते आणि तरीही ताण शून्य दाखवते. त्याला अवरग्लास म्हणतात. सॉल्व्हर या डोलण्यात अडकलेली ऊर्जा वेगळी छापतो. ती अंतर्गत ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या वर गेली असेल, तर त्या निकालाचा आलेख काढण्याचीही तसदी घेऊ नये.

रात्रभर का लागते, त्याचे कारणही समजून घ्या. एक्स्प्लिसिट पद्धतीत काळाची पायरी सर्वांत लहान घटकाने ठरते. पोलादात ताणाची लहर सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर धावते, ओतलेल्या लोखंडात थोडी कमी. ती लहर एका पायरीत एका घटकाच्या पलीकडे जाता कामा नये. १९२८ मध्ये कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी ही मर्यादा मांडली, तेव्हा आजच्यासारखा संगणक अस्तित्वातही नव्हता. पाच मिलिमीटरच्या घटकाला पायरी साधारण एक मायक्रोसेकंद येते. मेश सगळीकडे निम्मी केली की घटक आठपट होतात आणि पायऱ्या दुप्पट, म्हणजे काम सोळापट. त्यातच फिलेटजवळ चुकून ०.२ मिलिमीटरचा एक चपटा घटक तयार झाला, तर पूर्ण मॉडेल ०.०४ मायक्रोसेकंदाच्या पायरीने रांगू लागते. असा एखादा घटक आपल्या मॉडेलमध्ये आहे का, ते आधी शोधा.

पण मुळात आपला धक्का काही मिलिसेकंदांचा आहे आणि आपल्याला हव्या असलेल्या वारंवारता काही शे हर्ट्झच्या आत आहेत. त्याला एक्स्प्लिसिट सॉल्व्हरची गरज नाही. तो धडक, चुरगळणे आणि तुटणे यांसाठी आहे. न्यूमार्कची इम्प्लिसिट पद्धत (जिला मोठ्या पायऱ्या चालतात) वापरा आणि सर्वांत मोठ्या कामाच्या वारंवारतेच्या एका आवर्तनात वीस पायऱ्या पाडा. सरासरी-त्वरणाच्या प्रकारात वीस पायऱ्यांना आवर्तनकाळ सुमारे ०.८ टक्क्याने लांबतो, दहाच पाडल्या तर ३.३ टक्क्यांनी. ही पद्धत कितीही मोठ्या पायरीला ‘फुटत’ नाही, म्हणजे आकडे भडकत नाहीत. त्यामुळे मोठी पायरी घेणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, आणि गुळगुळीत दिसणारा चुकीचा आलेख तो खुशाल छापतो.

डॅम्पिंग रॅलेच्या पद्धतीने (दोन वारंवारतांना आकडा ठरवून बाकीचे सूत्राने) दिले असेल तर एक हिशोब करून पाहा. ५० आणि ५०० हर्ट्झला ३ टक्के दिले, तर मधे १५८ हर्ट्झला ते १.७ टक्क्यांवर उतरते आणि २,००० हर्ट्झला ११ टक्के होते. वरच्या वारंवारता गणितातच गुदमरतात आणि त्वरणाचा आलेख चाचणीपेक्षा स्वच्छ दिसतो. सरांना तो स्वच्छ आलेख आवडेल, पण तो तसा का आला हे तोंडी परीक्षेत आपल्याला सांगता आले पाहिजे.

प्रश्न : माझा प्रश्न सरळ आहे. या विश्लेषणात किती टक्के चूक धरून चालावे? दर वेळी ‘ते अवलंबून आहे’ असे उत्तर मिळते. गिऱ्हाइकाला एक आकडा हवा असतो.
— मशीन शॉप मालक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : आपली चीड रास्त आहे, म्हणून आकडेच देतो, पण ते कशाचे आहेत हे वाचून घ्यावे. एकसंध, मोजून घेतलेल्या कास्टिंगची पहिली नैसर्गिक वारंवारता माझ्या अनुभवात पाच टक्क्यांच्या आत जुळते. न जुळल्यास मॉडेलमध्ये काहीतरी ढोबळ चुकले आहे असे मी समजतो. बोल्टने जोडलेल्या दोन-तीन भागांच्या जुळणीला मी हे वचन देणार नाही. का, ते वरच्या पहिल्या पत्रात आलेच आहे. सरकणे म्हणजे विस्थापन सर्वांत चांगले जुळते, वेग त्याखालोखाल, आणि त्वरण सर्वांत वाईट, कारण विस्थापनाकडून त्वरणाकडे जाताना वरच्या वारंवारतांचे वजन वाढत जाते आणि आपले अज्ञान नेमके तिथेच साठलेले असते. त्यामुळे त्वरणाच्या शिखरावर गिऱ्हाइकाशी करार करू नये. शक्य तिथे विस्थापन किंवा ताण मोजला जाईल अशी अट मागून घ्यावी.

संपूर्ण आलेखाची तुलना करायची असेल तर जहाजांच्या धक्का-चाचण्यांत वापरले जाणारे एक माप उपयोगी पडते. रसेल यांनी १९९७ मध्ये ते मांडले. त्यात उंचीची चूक आणि वेळेची चूक वेगवेगळी काढून मग एकत्र करतात. एकत्रित आकडा ०.१५ च्या आत असल्यास जुळणी उत्तम, ०.२८ पर्यंत चालण्याजोगी, त्यापुढे वाईट. आपल्या गिऱ्हाइकाला एकच आकडा हवा असेल तर हा द्यावा. दोन आलेख एकमेकांवर टाकून ‘छान जुळतात’ असे लिहिण्यापेक्षा तो फार प्रामाणिक आहे.

आता एक गोष्ट आपल्या उद्यमनगरच्या भाषेत. ड्रॉइंगवर भिंत ६ मिलिमीटर आहे. साच्यात कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) जरा सरकला आणि एका बाजूला ५.५ निघाली. डोळ्याला दिसत नाही, कास्टिंग पास होते. पण वाकण्यातला ताठपणा जाडीच्या घनावर जातो, म्हणून वर जड बॉक्स असेल तर वारंवारता सुमारे १२ टक्क्यांनी उतरते आणि तेवढ्याच भाराखालचा ताण १९ टक्क्यांनी चढतो. सॉफ्टवेअरच्या सगळ्या आकडेमोडीतली चूक याच्या जवळपासही येत नाही. दुसरी नेहमीची चूक पदार्थाच्या तक्त्यात असते. सॉफ्टवेअर उघडले की पोलाद आधीच भरलेले असते, स्थितिस्थापकता २०० ते २१० गिगापास्कल. एस.जी. आयर्नची १७० च्या आसपास असते, ग्रे आयर्नची त्याहून बरीच कमी आणि ग्रेडप्रमाणे बदलणारी. एस.जी.च्या जागी २१० राहून गेले तर वारंवारता ११ टक्के फुगते. विश्लेषणाला देण्यापूर्वी एक कास्टिंग करवतीने कापून चार ठिकाणी व्हर्नियर लावावा आणि तीच मापे मॉडेलमध्ये घालावीत. एक कास्टिंग वाया गेले म्हणून हळहळू नये.

पोलादी पट्ट्यांचे वेल्डिंग केलेले ब्रॅकेट करणाऱ्यांसाठी एवढेच: झपाट्याने ताणल्यावर साध्या पोलादाची यील्ड वाढते. काऊपर-सायमंड्स सूत्रातल्या रूढ स्थिरांकांनुसार सेकंदाला सुमारे ४० इतक्या विकृती-दराला (ताणले जाण्याच्या वेगाला) ती दुप्पट होते. टेबलावरच्या ११ मिलिसेकंदांच्या धक्क्यात दर त्याहून खूप कमी असतो, म्हणून नेहमीची यील्ड धरणे सुरक्षित बाजूचे आहे.

प्रश्न : माझी आई १९६७ च्या भूकंपाची आठवण सांगते. पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली आणि सगळी गल्ली थंडीत रस्त्यावर येऊन बसली होती. कोयना धरणाला तेव्हा तडे गेले होते असे ऐकले आहे. आजच्या संगणकी पद्धतीने ते तडे आधी सांगता आले असते का?
— शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : तडे कोठे पडतील, हे सांगता आले असते. किती खोल जातील, हे खात्रीने सांगता आले नसते.

११ डिसेंबर १९६७ च्या त्या भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या जवळपास होती. कोयना धरण सुमारे १०३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाचा उतार वरच्या भागात एकदम बदलतो, जणू माणसाच्या मानेपाशी अंग निमुळते व्हावे तसा. तडे त्या मानेच्या पातळीला गेले. विशेष म्हणजे धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरणमापक बसवलेला होता आणि त्याने जमिनीचा हिसका नोंदवला. धरणाच्या आडव्या दिशेला तो सुमारे अर्ध्या जीपर्यंत गेला होता. हिसका नेमका किती होता आणि नुकसान नेमके कोठे झाले, हे दोन्ही ठाऊक असलेली धरणे जगात फार थोडी आहेत. त्यामुळे धरणांच्या गतिक विश्लेषणाची नवी पद्धत कोणी काढली की ती आधी कोयनेवर घासून पाहण्याचा प्रघातच पडला.

धरणाची पहिली वारंवारता सेकंदाला तीनच्या आसपास आहे. साधे रेषीय विश्लेषण केले तरी मानेपाशी ताणाचे आकडे काँक्रीटच्या ताणक्षमतेच्या पुष्कळ वर जातात, म्हणजे जागा अचूक दिसते. पण त्या क्षणी रेषीय मॉडेल संपते, कारण तडा गेल्यावर धरण पूर्वीचे राहत नाही. पुढे तडा कोठवर धावला, हे काँक्रीट तुटायला किती ऊर्जा घेते, जलाशयाचे पाणी किती साथ देते आणि डॅम्पिंग किती धरले, यांवर ठरते. या तीनही गोष्टी बाहेरून ठरवून द्याव्या लागतात. त्या थोड्या बदलल्या की तडा अर्ध्यात थांबतो किंवा आरपार जातो. धरण मात्र उभे राहिले, आणि नंतर खालच्या अंगाने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले.

पहिल्या पत्रातला ब्रॅकेट आणि हे धरण यांच्यात एक नाते आहे, तेही सांगून टाकतो. वर ज्या वारंवारता-आणि-शिखर हिशोबाने ५८ आणि ७६ चा उलगडा झाला, तो हिशोब मुळात भूकंपासाठीच जन्माला आला. मॉरिस बायो यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. यंत्रांच्या धक्का-चाचण्यांत तो नंतर आला.

प्रश्न : आमचे छोटे युनिट आहे. महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरवर केलेले विश्लेषण कमी अचूक असते का? आणि नुसते वजनाला ५० ने गुणून स्थिर भार लावला तर चालेल का?
— फॅब्रिकेटर, गोकुळ शिरगाव

उत्तर : फुकट म्हणून कमी अचूक, असे नाही. कॅल्क्युलिक्स आणि फ्रान्सच्या वीज कंपनीने घडवलेले कोड-अॅस्टर ही दोन्ही या कामाला पुरतात, आणि धडकेसारख्या विषयांसाठी ओपन-रॅडिओस २०२२ पासून खुले झाले आहे. फरक पडतो तो मेश करण्याच्या सोयीत आणि अडल्यावर फोन कोणाला करायचा यात. गणित तेच असते.

५० ने गुणून मात्र चालणार नाही. वर दाखवल्याप्रमाणे वारंवारता प्रतिकूल असली तर हाफ-साइनला प्रतिसाद ८८ जीपर्यंत जातो. वारंवारता ठाऊक नसेल तर वजनाला ९० ने गुणा. एकाच मुख्य झुलण्याच्या साध्या ब्रॅकेटला त्यात भागले तर गतिक विश्लेषणाचा खर्चच वाचेल. नाही भागले, तर ब्रॅकेट जाड करण्यापूर्वी सरफेस प्लेटवर ठेवून चारही पायांखाली फीलर गेज लावून पाहा.